‘पंच’ आणि थेम्सची दुर्गंधी

१८४१ सालीं निघालेल्या लंडनच्या ‘पंच’ पत्राची थट्टा पुष्कळदां पोकळच असे. परंतु १८५५ सालचें त्याचें एक चित्र आम्हांस मोलाचें वाटतें. त्या जुलैंत शास्त्रज्ञ फॅरडे यांनीं पांढऱ्या कार्डाचे ओले तुकडे थेम्स नदींत टाकले. ते इंचभर बुडण्याच्या आंतच दिसेनासे झाले. ही हकीकत त्यांनीं ‘टाइम्स’ पत्रास कळविली. लागलीच ‘पंच’नें चित्र काढलें: फॅरडेसाहेब नाक दाबून, घाणीनें माखलेल्या थेम्सबाबास आपलें भेटीचें कार्ड देत आहेत! लंडनकर हसले असतील. पण १८५३-५४ च्या पटकीनें तेथें १०,००० हून अधिक बळी घेतले होते. पार्लमेंट हललें तें १८५८ च्या उन्हाळ्यांत, दुर्गंधी खुद्द सभागृहांत शिरली तेव्हां. मग कायदा झटपट झाला, आणि पुढील सालीं बॅझलजेट यांच्या भुयारी गटारांचें काम सुरू झालें.