दिवाणखान्यातील खेळसंगणक : कन्सोलला पर्याय ठरेल का?

कन्सोल घ्यावा, की तेवढ्याच पैशांत टीव्हीला जोडण्याजोगा संगणक जुळवून घ्यावा, हा प्रश्न आता केवळ मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. परभणी जिल्ह्यातील पालमसारख्या तालुक्याच्या गावी मात्र त्याचे उत्तर पुण्या-मुंबईपेक्षा काहीसे निराळे येते. येथे चिपच्या वेगाइतकाच वीज, ऊन, धूळ आणि दुरुस्तीची सोय यांचाही हिशेब मांडावा लागतो.

तुलनेसाठी 'प्लेस्टेशन ५' घेऊ. २ फेब्रुवारी २०२१ रोजी तो भारतात आला, तेव्हा डिस्कच्या आवृत्तीची किंमत ४९,९९० रुपये होती. आठ कोअरचा एएमडी प्रोसेसर, ३६ एककांचा ग्राफिक्स विभाग, १६ जीबी सामाईक मेमरी आणि ८२५ जीबीची एसएसडी अशी त्याची सामग्री. सुटे भाग घेऊन त्या किमतीत एवढी ताकद उभी करणे तेव्हा जमण्यासारखे नव्हते, आजही ते कठीणच आहे. कारण कन्सोलच्या धंद्यात कमाई मुख्यतः खेळांच्या विक्रीतून आणि ऑनलाइन खेळण्याच्या वर्गणीतून होते. संगणकावर ही वर्गणी नसते, शिवाय त्याच यंत्रावर मुलांचा अभ्यास आणि घरचे हिशेबही होतात. 'गॉड ऑफ वॉर' (२०२२) आणि 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' (२०२४) असे सोनीचे खेळही पुढे संगणकावर आले. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा 'राजी' तर २०२० मध्येच दोन्हीकडे उपलब्ध झाला.

खर्चाचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा. रेडिऑन आरएक्स ६६०० (२०२१) किंवा जीफोर्स आरटीएक्स ४०६० (२०२३) ही ८ जीबीची कार्डे १०८० पिक्सेलच्या टीव्हीसाठी पुरेशी आहेत. पहिले १३२ वॅट, तर दुसरे ११५ वॅट वीज घेते. टीव्ही फोर-के असेल, तर ८ जीबी आता अपुरे पडू लागले आहे. तेथे २०२५ मध्ये आलेले १६ जीबीचे आरएक्स ९०६० एक्सटी अधिक योग्य. अर्थात कन्सोलही बहुतेक खेळ कमी पिक्सेलमध्ये काढून मग चित्र मोठे करतो; संगणकावर तेच काम डीएलएसएस आणि एफएसआर करतात. प्रोसेसर सहा कोअरचा पुरे. रायझन ५ ५६०० स्वस्त पडतो, रायझन ५ ७६०० घेतल्यास मात्र पुढे त्याच मदरबोर्डवर नवा प्रोसेसर बसवता येतो. कार्डाशिवाय चालणारा रायझन ७ ८७००जी आकर्षक वाटतो, पण कन्सोलशी त्याची बरोबरी होत नाही.

मेमरीने मात्र गणित बिघडवले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले आणि त्या डिसेंबरात मायक्रॉनने आपली 'क्रुशल' ही ग्राहकांसाठीची नाममुद्रा बंद करण्याचे जाहीर केले. जुन्या संगणकातील डीडीआर४ रॅम चांगल्या स्थितीत असेल, तर ५६०० निवडून तीच वापरावी.

दिवाणखान्यात शोभावा म्हणून अनेकजण मिनी-आयटीएक्स मदरबोर्डचा छोटा डबा निवडतात. हा बोर्ड जेमतेम १७ सेंटिमीटर चौरस असतो. परभणीचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, हे लक्षात घेता हा मोह टाळलेला बरा. मायक्रो-एटीएक्स डबा थोडा बोजड दिसेल, पण त्यात हवा खेळती राहते आणि सुटे भागही सहज मिळतात. पुढे धुळीची जाळी असावी, आणि संगणक टीव्हीच्या बंद कपाटात कोंबू नये.

विजेच्या बाबतीत काटकसर करू नये. नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा पॉवर सप्लाय वरील कार्डांना पुरतो. अशा पुरवठ्यात बहुधा 'अ‍ॅक्टिव्ह पीएफसी' असते. घरचा इन्व्हर्टर चौरस लहरींचा असेल, तर वीज जाताच संगणक बंद पडू शकतो. म्हणून शुद्ध साइन लहरींचा इन्व्हर्टर किंवा यूपीएस पाहावा. बाजारातला ६०० व्हीए यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो आणि तोही काही मिनिटेच, म्हणजे खेळ जतन करून संगणक बंद करण्यापुरता. अर्थिंग तपासून घेणे हे तर पहिले काम.

व्हॉल्व्ह कंपनीची 'स्टीम मशीन' २०१५ मध्ये आली, पण लिनक्सवर खेळच थोडे असल्याने ती चालली नाही. २०१८ च्या 'प्रोटॉन'ने ही अडचण बरीच दूर केली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने नवी स्टीम मशीन जाहीर केली. तिच्यातही सहा कोअर आणि ८ जीबी ग्राफिक्स मेमरीच आहे. घरी जुळवलेल्या संगणकावरही लिनक्स चालते. मात्र 'व्हॅलोरंट' आणि 'फोर्टनाइट' खेळायचे असल्यास विंडोज लागते.

साठवणुकीसाठी एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी घ्यावी. मोठा खेळ १०० जीबीपर्यंत जातो. रोज २ जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकवर तो उतरवायला ५० दिवस लागतील, म्हणून घरी फायबर जोडणी नसेल तर यंत्राआधी तिचीच चौकशी करावी.