रोवणी ते मिरची : मूल परिसरातील रोजगार आणि लोकसंख्या

बेकारीचे कारण विचारले की वाढत्या लोकसंख्येकडे बोट दाखवायची आपल्याला सवय आहे. माणसे जास्त, कामे कमी, असा हा सरळ हिशोब. चंद्रपूर जिल्ह्याचे आकडे मात्र त्यात बसत नाहीत.

१९९१ ते २००१ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या १६.८८ टक्क्यांनी वाढली. पुढच्या दशकात अवघी ६.४३ टक्क्यांनी. त्याच दशकात राज्याची वाढ १५.९९ टक्के होती. २०१० च्या सुमारास महाराष्ट्रात दर हजारी जन्म सुमारे १७ आणि मृत्यू साडेसहा होते. म्हणजे केवळ जन्म-मृत्यूच्या फरकानेच दशकात दहा-अकरा टक्के वाढ व्हायला हवी. जिल्ह्याचे प्रमाण राज्याच्या जवळपास धरले, तर बरीच माणसे बाहेर गेली असाच अर्थ निघतो. वाढ मंदावली, तरी काम पुरे पडले नाही.

उद्योग या जिल्ह्याला नवे नाहीत. वरोऱ्याची कोळसा खाण १८७१ ची. पुढे बल्लारपूरचा कागद कारखाना आला, १९८० च्या दशकात चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र. पण ही सारी कोळसापट्ट्याची कहाणी. पूर्वेकडचे मूल धानाचे. बंगाल-नागपूर रेल्वेचा अरुंदमापी फाटा या भागातून गेला, धानाची बाजारपेठ वाढली, राईस मिल उभ्या राहिल्या. धान मात्र मजुराला वर्षभर धरून ठेवत नाही. रोवणीच्या दिवसांत हात पुरत नाहीत; कापणी-मळणी आटोपली की तेच हात रिकामे होतात. प्रश्न माणसांच्या संख्येपेक्षा कामाच्या महिन्यांचा आहे.

हे राज्याला फार पूर्वी कळले होते. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणे हा त्याने हक्क मानला. तरीही आज मूल, सावली, पोंभुर्णा भागातले मजूर, त्यांत बायका मोठ्या संख्येने, उन्हाळ्याच्या तोंडावर तेलंगणात मिरची तोडायला जातात. पावसाळ्याआधी परततात, कारण रोवणी त्यांच्याशिवाय होत नाही. ज्यांना 'जास्तीची माणसे' म्हणावे, त्यांच्यावाचून जुलैत बांधी पडीक राहील.

आता जनगणनेचा नियम पाहू. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. या सर्व दिवसांत जो घरी नव्हता, तो जिथे असेल तिथे मोजला जायचा. म्हणजे गावची लोकसंख्या किती, हे काही अंशी गावात फेब्रुवारीत काम आहे की नाही यावर ठरते. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा मिरचीचा हंगाम ऐन भरात असेल. कुलूप लागलेल्या घराची नोंद तो करील. ते कुलूप कशामुळे लागले, हे सांगायला घरात कोणी नसेल.