ठिणगीची तार आणि खारे पाणी

१८८६ सालच्या उन्हाळ्यात जर्मनीतील नेकार नदीवर एक वेगळीच होडी फिरू लागली. तिला ना शीड होते, ना ती वाफेवर चालत होती. तिच्या कडेने मात्र तारा ताणलेल्या होत्या आणि त्यांना चिनी मातीचे रोधक बसवलेले होते. बघणाऱ्यांना वाटे, होडी विजेवर चालते. होडीचा कर्ता गॉटलीब डाइमलर याला तेच हवे होते. पेट्रोलच्या स्फोटाची लोकांना धास्ती होती, म्हणून पेट्रोलचे इंजिन लपवण्यासाठी हा देखावा होता. गंमत अशी, की त्या इंजिनात पेटवणीसाठीसुद्धा वीज नव्हती. बर्नरच्या ज्योतीने तापवून लाल केलेली एक नळी सिलिंडरमधील मिश्रण पेटवत असे.

पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत या खोट्या तारांच्या जागी खऱ्या तारा आल्या. उघडी ज्योत धोक्याची होती. शिवाय तापलेल्या नळीमुळे मिश्रण नेमक्या क्षणी पेटेलच असे नसे. विजेची ठिणगी हव्या त्या क्षणी पाडता येते. रॉबर्ट बॉशने १८८७ मध्ये इंजिनासाठी कमी दाबाचा मॅग्नेटो बनवला. त्यात सिलिंडरच्या आत दोन टोके उघडून ठिणगी पाडत. १९०२ मध्ये त्याचा सहकारी गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग अशी जोडी तयार केली. सिलिंडरमधील हलती टोके गेली. मात्र आता हजारो व्होल्टचा दाब एका तारेतून प्लगपर्यंत न्यायचा होता. १९०९ मध्ये अमेरिकेत ओले एविनरूडने होडीच्या मागे अडकवायचे इंजिन बनवले आणि ही तार लाटांच्या तुषारांत आली.

तारेतले तांबे आपण सहज तपासू शकतो. खरा प्रश्न असतो तो तिच्यावरच्या आवरणाचा. समुद्रातून तारायंत्राच्या केबल टाकणाऱ्यांनी हा धडा आधीच घेतला होता. १८५८ मध्ये अटलांटिक महासागरातून टाकलेली केबल काही आठवड्यांतच मुकी झाली. तिचे गटापर्चाचे आवरण मुळातच कच्चे होते, त्यात संदेश नीट जात नाहीत म्हणून वाइल्डमन व्हाइटहाउसने तिच्यावर सुमारे २००० व्होल्टचा दाब लावला. चौकशी समितीचा अहवाल १८६१ मध्ये आला. केबल पाण्याखाली ठेवूनच तपासावी, असा त्यातील एक आग्रह होता. १८६५ च्या केबलचा गाभा २४ तास पाण्यात बुडवून मगच त्याचा रोध मोजला गेला. ही केबल टाकणाऱ्या 'ग्रेट ईस्टर्न' जहाजानेच १८७० मध्ये मुंबई ते एडन केबल टाकली.

समुद्राच्या थंड तळाशी टिकणारे गटापर्चा गरम पाण्यातही मऊ होते, त्यामुळे ते इंजिनाजवळ निरुपयोगी. तेथे गंधक घालून टिकाऊ केलेले रबर आले. पण उच्च दाबाच्या तारेभोवती हवेत सूक्ष्म विसर्जन होऊन ओझोन तयार होतो. ओझोन रबराच्या रेणूंमधील द्विबंधांवर हल्ला करतो आणि ताणलेल्या, वाकलेल्या जागी भेगा पडतात. म्हणजे तार स्वतःच्याच आवरणाचा शत्रू निर्माण करते! १९३१ मध्ये जाहीर झालेले निओप्रीन आणि दुसऱ्या महायुद्धानंतर प्रसार पावलेले सिलिकोन रबर ओझोनला अधिक दाद देईनासे झाले. सिलिकोन उष्णताही चांगली सोसते.

आवरण उत्तम असले तरी मीठ उरतेच. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटते, हे आपण घरी पाहतो. समुद्राच्या मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड तर फारच ओलावा ओढते. तारेवर वाळलेला तुषार दमट हवेत पुन्हा ओला होतो आणि विजेला पृष्ठभागावरून वाट मिळते. म्हणून तारेच्या टोकांवर घट्ट बसणाऱ्या रबरी टोप्या घालतात, टोप्यांत सिलिकोन ग्रीस लावतात, तारा तापलेल्या भागांपासून दूर बांधतात आणि मीठ पुसून काढतात.

आता तपासणीकडे वळू. ओहममापक तार आतून तुटली आहे का, एवढेच सांगतो. त्याची बॅटरी काही व्होल्टची, तारेवरचा दाब दहा-वीस हजार व्होल्टचा; आवरणाची भेग त्याला कशी कळणार? प्लग बाहेर काढून ठिणगी पाहणेही फसवे आहे. साध्या हवेत एक मिलिमीटर अंतर ओलांडायला सुमारे ३००० व्होल्ट लागतात. सिलिंडरमध्ये दाबलेले मिश्रण असते, तेथे कितीतरी जास्त लागतात. मग ठिणगी सोपी वाट शोधते, आणि ती भेगेतून बाहेर पडते. म्हणूनच कारागीर ठरावीक मोठ्या अंतराचे ठिणगी-परीक्षक वापरतात, किंवा अंधारात तारेवर पाण्याचा फवारा मारून निळसर चमक शोधतात.

ही दुसरी रीत होडीवर मात्र जीवघेणी ठरू शकते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीखालून ती निघून जाते. होडीच्या बंद तळाशी ती साचते. तेथे गळकी तार म्हणजे तयार काडीच. अमेरिकेत १९७१ च्या बोट-सुरक्षा कायद्याखाली झालेल्या नियमांनी हेच मान्य केले: पेट्रोल इंजिनाच्या कप्प्यातील विद्युत भागांनी भोवतालची वाफ पेटवता कामा नये. लोकांची १८८६ मधली भीती अगदीच खुळी नव्हती. (डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे त्यात हा प्रश्नच उद्भवत नाही.)

वर्गात उच्च दाबाचा प्रयोग अर्थातच करू नये. पण प्लास्टिकच्या पट्टीवर बोटभर अंतराने ओहममापकाची दोन टोके टेकवा. पट्टी कोरडी असताना, मिठाच्या पाण्याने पुसल्यावर, वाळल्यावर आणि पुढे एखाद्या पावसाळी दिवशी वाचन घ्या. यांपैकी कोणत्या वाचनावर भरवसा ठेवून आपण समुद्रात जाऊ, ते विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या.