कुंपणच शेत खाते तेव्हा

१८९७ सालच्या १० जानेवारीस मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली, ही हकीगत आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. तसेच एक धाडस १९५० साली अमेरिकेतील सेंट लुई शहरी डॉ. विल्यम हॅरिंग्टन या तरुणाने केले. ते आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

काही माणसांच्या अंगावर, मार लागलेला नसताना, जांभळे डाग उठतात. हिरड्यांतून रक्त येते, घोळणा फुटतो आणि थांबता थांबत नाही. हानोव्हरचे वैद्य वर्लहोफ यांनी १७३५ साली या रोगाचे वर्णन करून ठेवले. पुढे कळले, की रक्त गोठण्यास आरंभ करून देणाऱ्या ज्या रक्तपट्टिका, ज्यांना आज घरोघरी प्लेटलेट म्हणतात, त्याच येथे घटलेल्या असतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरात त्या दीड ते चार लाख असतात. या रोग्यांत कधी काही हजारच उरतात. १९१६ साली प्रागमध्ये काझ्नेल्सन नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने पानथरी काढून पाहावी असे सुचविले. प्राध्यापकांनी विद्यार्थ्याचे ऐकले, हेही त्या काळी नवलच! रोगी स्त्री सुधारली. पण मूळ प्रश्न तसाच राहिला. रक्तपट्टिका शरीरात तयारच होत नाहीत, की तयार झालेल्यांचा कोणी नाश करतो?

हॅरिंग्टन यांनी या रोगाने पीडित अशा एका स्त्रीचे सुमारे अर्धा लिटर रक्त आपल्या शिरेत घेतले. काही तासांतच त्यांच्या रक्तपट्टिका जवळजवळ नाहीशा झाल्या. अंगभर बारीक लाल ठिपके उमटले, झटकाही आला. मेंदूत रक्तस्राव झाला असता तर हा प्रयोग सांगावयास ते उरले नसते. सुदैवाने आठवडाभरात ते सावरले. मग सहकाऱ्यांनीही दंड पुढे केले आणि १९५१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: घातक द्रव्य रोग्याच्या रक्तद्रवातच आहे. ते द्रव्य म्हणजे प्रतिपिंडे, परक्या जंतूंवर तुटून पडण्यासाठी शरीराने घडविलेले शिपाई, हे पुढील संशोधनाने स्पष्ट केले. कुंपणच शेत खात होते.

त्याच दशकात आपल्या परळलाही रक्तातील प्रतिपिंडांचा कसून शोध चालू होता. १९५२ साली डॉ. भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ हा दुर्मीळ रक्तगट जगापुढे आणला. १९५७ साली तेथे रक्तगटांचे जे संदर्भकेंद्र निघाले, तेच आज रक्तप्रतिकारशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे.

शत्रू सापडला, उपाय मात्र अवचित हाती आला. १९८० साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे या रोगाने जर्जर झालेला बारा वर्षांचा एक मुलगा होता. पानथरी काढून झाली होती, औषधांनी त्याची प्रतिकारशक्ती खालावली होती. ती भरून काढावी एवढ्याच हेतूने त्याला इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे निरोगी लोकांच्या रक्तातील प्रतिपिंडे, शिरेवाटे देण्यात आली. एका दिवसात रक्तपट्टिका भराभर वाढल्या! दुसऱ्या कोणी हा योगायोग मानून सोडून दिला असता. डॉ. पॉल इम्बाख यांनी तोच उपाय इतर मुलांवर करून पाहिला आणि १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. वजनाच्या दर किलोस ०.४ ग्रॅम, पाच दिवस, ही त्यांची मात्रा.

प्रतिपिंडांनी केलेला रोग प्रतिपिंडांनीच हटावा, हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. पानथरीतील भक्षक पेशी प्रतिपिंड चिकटलेल्या रक्तपट्टिका गिळतात. बाहेरून आलेली प्रतिपिंडे त्या पेशींची तोंडेच अडवून धरतात, असा एक उलगडा आहे. गुण बहुधा काही आठवडेच टिकतो. प्राणावर बेतलेला रक्तस्राव मात्र तेवढ्या अवधीत आवरता येतो.

हे औषध कारखान्यात रसायने मिसळून होत नाही. एकेका खेपेसाठी हजारांहून अधिक माणसांचे रक्तद्रव एकत्र करावे लागते. म्हणूनच ते महाग आहे आणि पुष्कळदा दुर्मीळही. रोग्याच्या खाटेशेजारी टांगलेल्या त्या लहानशा बाटलीवर बनावटीचा क्रमांक असतो, मुदत असते. ज्यांनी दंड पुढे केले त्यांची नावे तीवर नसतात.