टेम्पोच्या बंद डब्याची गोष्ट

घर बदलायचं असलं, गणपतीची मोठी मूर्ती आणायची असली, लग्नाचं सामान न्यायचं असलं, की आपण काय म्हणतो? "एक टेम्पो सांग." गाडी कुठल्याही कंपनीची असू दे, आपल्यासाठी तो टेम्पोच. आज मी याच शब्दाची आणि त्या गाडीच्या मागच्या बंद डब्याची गोष्ट सांगणार आहे.

'टेम्पो' हे मुळात जर्मनीतल्या हॅम्बुर्गजवळच्या 'विडाल अँड झोन' या कारखान्याचं नाममुद्रा-नाव. १९५८ मध्ये नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने त्यांच्याशी करार होऊन 'बजाज टेम्पो' कंपनी उभी राहिली आणि 'हॅन्सिएट' ही तीनचाकी आपल्याकडे बनू लागली. पुढे कंपनीचा मोठा कारखाना आकुर्डीला आला. २००५ मध्ये कंपनीचं नाव बदलून 'फोर्स मोटर्स' झालं. पाटीवरून टेम्पो गेला, पण लोकांच्या तोंडातून काही गेला नाही.

हॅन्सिएटची रचना गमतीची होती. टू-स्ट्रोक इंजिन पुढच्या एकुलत्या एका चाकापाशी, आणि साखळीने ताकद त्याच चाकाला. त्यामुळे मागचा सगळा भाग मालासाठी मोकळा! १९६९ मध्ये मॅटाडोर आली. तिचीही पुढचीच चाकं गाडी ओढायची. मागे ताकद नेणारा लांब दांडा नाही, म्हणून तळ जमिनीच्या जवळ. हमालाला पोतं फार उंच उचलावं लागत नाही. रुग्णवाहिकेत स्ट्रेचर चढवणं सोपं.

पण याचा एक तोटाही होता. सगळं वजन डब्याच्या टोकाला टाकलं, की पुढची चाकं हलकी व्हायची आणि चढावर घसरायची. म्हणून जड माल केबिनच्या बाजूला आणि हलका माल दाराकडे भरायचा. दिसायला साधी गोष्ट आहे, पण घाटात जीव तिच्यावरच अवलंबून.

आता मुख्य मुद्दा. कारखान्यातून गाडी आली म्हणजे काम संपलं असं नाही. पुण्याचा जून ते सप्टेंबरचा पाऊस समोर असतो. सुरुवातीला उघडा हौदा, वर लोखंडी कमानी आणि ताडपत्री. भोक पडलं की कापड, पुस्तकं, साखर, सगळं भिजणार, आणि नुकसान भरणार कोण? भाडं बुडतं ते टेम्पोवाल्याचं. म्हणून पत्र्याचे बंद डबे बांधून घेणं वाढलं. पण बंद डब्याने नवा शत्रू आणला: आतून लागणारा गंज.

पाणी छतातून धो-धो येत नाही. ते पत्र्यांच्या जोडातून, रिव्हेटच्या भोकातून, दाराच्या खालच्या कडेतून हळूच शिरतं आणि तळाच्या प्लायवूडखाली जाऊन बसतं. वरून सगळं कोरडं, खाली पत्रा खातोय! जाणते मालक पावसाआधी प्लायवूड उचलतात, गंज खरवडतात, रेड ऑक्साइड मारून मगच रंग देतात, जोड भरतात, दाराचं रबर बदलतात आणि कोपऱ्यात पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवतात. फुलं किंवा भाजी नेणारा हवेसाठी झडपा बसवतो, पण त्यांची तोंडं खाली आणि मागे, म्हणजे चालत्या गाडीत पाऊस आत येत नाही. सुटे भाग नाना पेठेत, लाकूड-प्लाय भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात, माल मार्केट यार्डात. ही सुधारणा कुठल्या इंजिनिअरच्या नावावर नाही. ती फिटर, वेल्डर आणि चालक यांची आहे.

मात्र प्रत्येक बदल सुधारणा नसतो हं. स्प्रिंगला जादा पाटा टाकला, डब्याची उंची वाढवली, की माल जास्त बसतो. पण ब्रेक तेच राहतात, टायर तेच राहतात आणि उंच डबा वळणावर जास्त कलतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याचं कलम ५२ याचसाठी आहे: नोंदणीतल्या मूळ रचनेपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल परस्पर करता येत नाही. टेम्पोवाल्यांना हे जाचक वाटतं, कारण दर खेपेला दोन पोती जास्त म्हणजे हप्ता सुटतो. हा ताण खरा आहे. पण गंज काढणं आणि वजन वाढवणं यात फरक आहे. पहिल्याने गाडीचं आयुष्य वाढतं, दुसऱ्याने ते कमी होतं, कधीकधी चालकाचंही.

आपल्या इतिहासात कारखाने, करार आणि मालकांची नावं येतात. ती यायलाच हवीत. पण जर्मन आराखड्याची गाडी पुण्याच्या पावसात वर्षानुवर्षं टिकली, ती पावसाआधी प्लायवूड उचलून खाली बघणाऱ्या माणसामुळे. तुमच्या ओळखीत असा कुणी जुना टेम्पोवाला असेल, तर त्याच्याशी निवांत बोला. तो जे सांगेल ते कंपनीच्या माहितीपुस्तकात सापडणार नाही.

भेटू पुढच्या भागात!