ग्रीनस्टेड चर्च
इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात चिपिंग ऑंगर गावालगत असलेले सेंट अँड्र्यू यांच्या नावाचे लाकडी चर्च. ओकचे बुंधे उभे चिरून एकमेकांना खेटून उभारले, की या चर्चच्या मधल्या दालनाची भिंत होते. बुंध्याची गोलाई बाहेरच्या बाजूस आणि तासून सपाट केलेला भाग आत. प्रत्येक कडेला खाच, खाचेत ओकचीच बारीक पट्टी. वाऱ्यापावसाला शिरकाव नाही. या भिंती फार काळ इ. स. ८४५ च्या मानल्या गेल्या. पण १९९५ मधील वर्षवलयांच्या तपासणीने त्यांचा काळ सुमारे १०६३ ते ११०८ असा ठरवला.

यावर आक्षेप असा, की १०१३ मध्ये संत एडमंड यांचा देह इथे विसावला होता अशी परंपरा आहे आणि १९६० च्या उत्खननात आधीच्या लाकडी बांधकामाच्या खुणा सापडल्या. त्यावरून जागेचे प्राचीनत्व सिद्ध होते, भिंतींचे नव्हे. मग चर्च नॉर्मन म्हणायचे का? तेही घाईचे ठरेल. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले तेव्हा राजा बदलला, सुताराचा हात नव्हे. बांधणीची रीत त्याआधीची, सॅक्सनच आहे. शिवाय वास्तू एकसंध नाही. वेदीकडचा विटांचा भाग ट्यूडर काळातला, फळ्यांचा पांढरा मनोराही नंतरचाच. १८४८-४९ च्या डागडुजीत तर बुंध्यांची कुजलेली टोके कापून ते विटांच्या जोत्यावर बसवले, म्हणजे आजची भिंत मूळच्यापेक्षा बुटकी आहे.