घडीचा कॅमेरा

दिवाळीच्या आधी माळा आवरणं हे आमच्या घरातलं वार्षिक ऑडिट असतं. बँकेतला ऑडिटर निदान चहा पिऊन परत तरी जातो. घरचा ऑडिटर परत जात नाही, आणि चहाही आपल्यालाच करायला लावतो. अशाच एका दिवाळीला मी शिडी धरून उभा असताना सौ.ने वरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खाली सरकवला. आत जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली कातडी पेटी आणि पेटीत एक काळी, चपटी वस्तू. चष्म्याची दोन घरं एकावर एक ठेवावीत एवढी. माझ्या हातून कुठलं तरी बटण दाबलं गेलं असावं. खट्कन झाकण पडलं आणि काळा भाता पसरत एक भिंग बाहेर येऊन माझ्याकडे रोखून बघायला लागलं.

"अगंबाई! बाजाच्या पेटीचं पिल्लू!" सौ. शिडीवरून म्हणाली.

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "अण्णांचा नेटार आहे तो. हळू उघडतात त्याला."

सत्याहत्तर वर्षांचा माणूस जी वस्तू नुसत्या आवाजावरून ओळखतो ती भंगारात जात नसते, एवढं सौ.लाही कळलं. तिने मुकाट्याने पुढचा डबा ओढला.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. त्यांचा हा घडीचा कॅमेरा मी लहानपणी लांबूनच पाहिला होता. पण कॅमेऱ्याने घडी घालून बसायचं कारण काय, हा प्रश्न मला आता पडला. मी कॉमर्सचा पदवीधर. जगातली कुठलीही गोष्ट अशी का, हे मला खर्चाच्या बाजूनेच समजतं. त्या बाजूने शोध घेतल्यावर कळलं, की हे सगळं प्रकरण मुळात काटकसरीचं आहे.

त्या काळी फोटो मोठा करून घेणं ही चैन होती. निगेटिव्ह कागदावर दाबून धरायची, उजेड द्यायचा आणि कागद धुवायचा. म्हणजे जेवढी निगेटिव्ह तेवढाच फोटो. फोटो हातात धरून बघण्याजोगा हवा तर निगेटिव्ह तेवढी मोठी हवी. निगेटिव्ह मोठी म्हटली की भिंग तिच्यापासून लांब हवं. नऊ सेंटिमीटर लांबीच्या निगेटिव्हला साधारण साडेदहा सेंटिमीटर. तेव्हा कॅमेरा म्हणजे काय, तर पुढे एक काच, मागे एक फिल्म आणि मध्ये नुसती हवा. आता सहलीला जाताना ही हवा घरून कशाला न्यायची? हवा डोंगरावर फुकट मिळते. म्हणून मधल्या भागाला चामड्याचा किंवा कापडाचा भाता लावायचा, आणि जाताना घडी घालून खिशात टाकायचं. भाता काही नवा नव्हता, स्टुडिओतल्या धुडांना तो आधीपासूनच असे. नवीन होती ती गुंडाळीची फिल्म.

ही गुंडाळी अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने, म्हणजे कोडॅकने लोकांच्या हाती दिली. पण तिच्यातली खरी हुशारी सॅम्युअल टर्नर नावाच्या बोस्टनच्या माणसाची. फिल्मच्या पाठीला काळा कागद लावायचा, कागदावर आकडे छापायचे आणि कॅमेऱ्याच्या पाठीला एक लाल खिडकी ठेवायची. किल्ली फिरवत राहायची आणि खिडकीत आकडा आला की थांबायचं. टर्नरचा असा कॅमेरा १८९२ साली निघाला. ईस्टमनने हुशारीची नक्कल करण्यापेक्षा १८९५ साली टर्नरची कंपनीच विकत घेतली. पुढे दोन-तीन वर्षांत कोडॅकचा घडीचा पॉकेट कॅमेरा आला, आणि १९०१ साली १२० नंबरची फिल्म. तो कोडॅक २०१२ साली दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत जाऊन आला, पण १२० नंबरची फिल्म आजही त्याच मापात, तसाच कागद लावून मिळते. सव्वाशे वर्षं न बदललेला नंबर! आमच्या बँकेत पैसे भरायची स्लिप एवढी टिकली असती तर मी नोकरीत जास्त सुखी झालो असतो.

पुढचा अंक जर्मनीतला. १९२६ साली तिथल्या चार कॅमेरा कंपन्यांचं विलीनीकरण होऊन ड्रेस्डेनला झाइस इकॉन स्थापन झाली. विलीनीकरण म्हणजे काय हे बँकवाल्याला सांगायला नको. पहिली दोन वर्षं पाट्या रंगवण्यात आणि कुठला रबरी शिक्का खरा हे ठरवण्यात जातात. पण या मंडळींनी तिसऱ्या वर्षी, १९२९ साली, इकॉन्टा बाहेर काढला. त्याआधीच्या बऱ्याच घडीच्या कॅमेऱ्यांत झाकण उघडून भिंग हाताने रुळांवर ओढावं लागे. इकॉन्टाचं बटण दाबलं की भिंग आपणहून जागेवर येऊन उभं राही. त्याचा थोरला भाऊ सुपर इकॉन्टा १९३४ साली आला. तो अंतरही मोजून देई. आणि आमचा नेटार हा त्याच घरातला गरीब चुलतभाऊ. इकॉन्टाच्या महागड्या वाणांना चार काचांचं टेसार भिंग, नेटारला तीन काचांचं. अंतर अंदाजानेच लावायचं. मध्यमवर्गीयाला परवडावा म्हणूनच तो काढला होता, आणि त्याच हिशेबाने तो आमच्या घरी आला. नवा नाही, सेकंडहँड.

युद्धानंतर रशियनांनी इकॉन्टाच्या घराण्यावरून मॉस्क्वा नावाचे कॅमेरे काढले. पण घडीच्या कॅमेऱ्याचा हिशेब तोवर दुसऱ्याच कोणीतरी बिघडवला होता. १९२५ साली आलेल्या लायकाने सिनेमाची चिंचोळी फिल्म वापरली. निगेटिव्ह लहान ठेवायची आणि फोटो नंतर मोठा करायचा, ही चाल एकदा रूढ झाल्यावर मोठी निगेटिव्ह कोणाला हवी? आणि ती नको तर घडी तरी कशाला? १९६० च्या आसपास हे कॅमेरे बहुतेक ठिकाणी बंदच पडले. झाइस इकॉनने तर १९७२ साली कॅमेरे बनवणंच सोडलं.

डोंगरांना मात्र हे कोणी कळवलं नव्हतं. दरीपलीकडचा कडा, त्याच्यावरची कारवी, खालची कौलं हे सगळं एका कागदावर यायचं तर त्याला जागा लागते. सहा बाय नऊच्या निगेटिव्हला लायकाच्या पाचपटीहून जास्त क्षेत्रफळ. पाच खोल्यांच्या घरात आणि एका खोलीत जो फरक तोच. एका खोलीतही संसार होतो, पण कोण कुठे झोपलंय ते कळत नाही.

घडीचा कॅमेरा डोंगरावर किती उंच गेला होता म्हणाल, तर एव्हरेस्टवर. १९२४ साली मॅलरी आणि आयर्विन शिखराकडे जाताना दिसेनासे झाले. त्यांच्यापाशी कोडॅकचा खिशात मावणारा घडीचा कॅमेरा होता असं मानतात. त्याची फिल्म आमच्यापेक्षा लहान, पण कूळ तेच. १९९९ साली मॅलरीचा देह सापडला, २०२४ साली आयर्विनचा बूट आणि मोजा सापडला. कॅमेरा काही सापडला नाही. तो सापडून आतली फिल्म धुता आली तर ते शिखरावर पोचले होते का, हे कदाचित कळेल. मी हे रंगवून सांगितलं तेव्हा सौ. म्हणाली, "त्यांच्या घरच्यांनी माळा बघितला का?"

कॅमेऱ्यामागोमाग अल्बम निघाला. काळी पानं, मध्ये पतंगी कागद, चार कोपऱ्यांत अडकवलेले पत्त्याएवढे फोटो. रोलमध्ये आठच फोटो, आणि रोल धुवायचे पैसे वेगळे. तेव्हा नुसत्या डोंगराचा फोटो काढणं ही आमच्या घरात उधळपट्टी समजली जाई. डोंगर काय, पुढच्या वर्षीही तिथेच असतो. म्हणून प्रत्येक निसर्गदृश्यापुढे एक तरी नातेवाईक उभा आहे. महाबळेश्वरची सावित्रीची दरी मी अल्बमात पाहिली ती मोठ्या आत्याच्या दोन्ही बाजूंना उरली तेवढीच. एक धबधबा थेट एका काकांच्या टोपीत पडतो. आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले. सूर्य फोटोग्राफरच्या पाठीशी हवा हा तेव्हाचा नियम. म्हणजे तो समोरच्याच्या डोळ्यांत गेलाच. आमच्या घराण्याचे डोळे बारीक आहेत असा समज त्या अल्बममुळे सोयरिकीच्या वेळी दोनदा झाला होता.

अख्ख्या अल्बमात माणूस नसलेला फोटो एकच. खंडाळ्याचा, राजमाची पॉइंटवरून काढलेला. समोर दरी, पलीकडे राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, अलीकडे डाव्या हाताला एक बसका दगड. फोटोच्या पाठीवर शाईने 'खंडाळा, १९६१'. मला वाटलं, अण्णांना एकदा तरी शुद्ध निसर्गदृश्याची हुक्की आली म्हणायची!

बाबांनी काही न बोलता चार पानं मागे उलटली. 'खंडाळा, नोव्हेंबर १९५५'. तीच दरी, तोच दगड. दगडाजवळ नऊवारीत आजी उभी, डोळे बारीक, पदर सावरलेला. तिच्या मागे श्रीवर्धन पूर्ण झाकलेला.

"अण्णांनी तिला तीनदा सांगितलं होतं," बाबा म्हणाले, "जरा बाजूला हो, किल्ला झाकला जातोय. ती म्हणाली, किल्ल्याला बघायला येणारेत का कोणी? आणि हलली नाही."

आजी १९६० च्या पावसाळ्यात गेली. बाबा तेव्हा बारा वर्षांचे.

मी दोन्ही फोटो पुन्हा पाहिले. १९६१ च्या फोटोत किल्ला छान दिसतो.

त्यानंतर कॅमेरा चालू करणं मला भागच होतं. रात्री न्हाणीघरात अंधार करून मोबाइलची बॅटरी भात्यात धरली, तर घड्यांच्या कोपऱ्यांवर सप्तर्षी उगवले. ती भोकं काळ्या रंगात फेव्हिकॉल घालून काडीने बुजवली. शटर एका सेकंदाला लावलं की उघडे, आणि चहा घेऊन आल्यासारखं सावकाश बंद होई. एका म्हाताऱ्या घड्याळवाल्याने ते उघडून साफ केलं. आत घड्याळासारखीच दातेरी चाकं असतात.

पहिला रोल वाया गेला, पण शिकवून गेला. या कॅमेऱ्यात शटरचा खटका चढवणं वेगळं आणि फिल्म पुढे सरकवणं वेगळं. सरकवायला विसरलात तर एकावर एक दोन फोटो. दुहेरी नोंदीवर मी पोट भरतो, पण माझ्या रोलवर शनिवारवाड्याच्या दरवाजातून आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी दिसू लागली तेव्हा ती पद्धत सगळीकडे चालत नाही हे पटलं. दोन फोटो अस्पष्ट आले ते मी कॅमेरा झटक्यात उघडल्यामुळे. भाता एकदम पसरला की आतली हवा फिल्मला पुढे ओढते आणि ती पोटासारखी सुटते. हळू उघडायचा, आणि फिल्म उघडल्यानंतर सरकवायची. बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले होते ते हेच. शिवाय लाल खिडकी. जुन्या फिल्मला लाल उजेड दिसत नसे म्हणून ती लाल. आजच्या फिल्मला सगळेच रंग दिसतात. उन्हात किल्ली फिरवताना खिडकीवर हाताची सावली धरावी लागते.

नोव्हेंबरात आम्ही दोघे खंडाळ्याला गेलो. बरोबर तिकाटणं, आकाशातले ढग उठून दिसावेत म्हणून भिंगावर बसवायची पिवळी काच, आणि सौ.ने दिलेले गुळपोळीचे दोन डबे. पॉइंटवर पोरं मोबाइलवर मिनिटाला वीस फोटो काढत होती. मी अंतराचं कडं अनंताच्या खुणेवर, म्हणजे आडव्या पडलेल्या आठावर नेलं, छिद्र अकरावर ठेवलं, शटर एक शतांशावर. मग एक ढग सरकायची वाट बघितली. मग दुसरा आला. तासाभरात माझे चार फोटो झाले. दरीत अण्णांच्या फोटोत नसलेला एक्स्प्रेस वे आहे. २००२ साली तो पुरा झाला, आणि मालमोटारींचा आवाज वरपर्यंत येतो. श्रीवर्धन मात्र होता तिथेच होता.

सात फोटो संपले तेव्हा खिडकीत ८ आला. बाबा बसका दगड शोधत होते. तो नव्हता, तिथे आता रेलिंग आहे. रेलिंगला हात लावत ते एकेक पाऊल सरकत गेले, मागे वळून किल्ला बघत, पुन्हा सरकत. मग एका जागी थांबले आणि माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावला.

"बाबा, जरा डावीकडे."

"किल्ला झाकला जातोय का?"

"पूर्ण."

"मग काढ," बाबा म्हणाले, आणि त्यांनी डोळे बारीक केले.